‘अ’ की ‘ॲन’? फिरणाऱ्या तक्त्याबद्दल खुलासा

‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ॲन (an), बाकी सगळीकडे अ (a),’ असं सांगणारा इंग्रजी व्याकरणाचा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतोय. हा नियम अर्धवट आहे आणि मुलांना तो तसाच पाठ करायला लावू नये. ठरतं ते उच्चारावर, स्पेलिंगवर नाही.

शब्द देवनागरीत लिहून पाहा: उच्चार स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने झाला तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ यूने सुरू होते, पण तोंडातून आधी ‘य’ निघतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ म्हणजे तास. त्यातला एच मुका, म्हणून ‘ॲन अवर’. आमदारासाठी ‘ॲन एमएलए’, कारण एमचा उच्चार ‘ए’ या स्वराने सुरू होतो, इथे तर भलेभले चुकतात. आणि पाहायचा तो लगेच पुढचा शब्द: ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’.