‘फक्त पॅड बदलायचेत’ म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

आज एका मैत्रिणीने जुन्या क्लॅरिनेटचे फोटो पाठवले. मुलासाठी घ्यायचं म्हणतेय. विकणाऱ्याने खाली लिहिलंय, ‘विंटेज, लाकडी, उत्तम स्थितीत. फक्त पॅड बदलायचेत.’ फोटो मोठा करून पाहिला तर एका चावीला चक्क रबरबँड गुंडाळलेला! म्हणजे आतली स्प्रिंग तुटलीय आणि पठ्ठ्याने रबरबँडवर भागवलंय. त्या रबरातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडलाय, तो वेगळाच. आणि ही म्हणे उत्तम स्थिती.

डोकंच फिरलं.

‘फक्त पॅड’ म्हणजे काय ते सांगते. पॅड म्हणजे चावीखालची छोटी मऊ गादी, तिनेच छिद्र बंद होतं. नेहमीच्या बोएम पद्धतीच्या (म्हणजे चाव्यांच्या रूढ मांडणीच्या) क्लॅरिनेटला १७ चाव्या आणि बोटांच्या छिद्रांभोवती ६ रिंगा असतात. सगळे पॅड बदलायचे तर एकेक चावी उतरवा, जुना पॅड खरवडून काढा आणि नवा असा बसवा की छिद्राच्या कडेवर तो सगळीकडून एकदम टेकला पाहिजे. शिवाय सांध्यांचं बूच, गंजलेल्या स्प्रिंगा, खुळखुळणाऱ्या चाव्या आहेतच. साध्या शिकाऊ वाद्याला हा खर्च कित्येकदा वाद्याहून जास्त होतो. न वाजणारं वाद्य विकताय ना? मग दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि नंतर आकडा बोला. वाजणाऱ्याचा भाव कुठल्या तोंडाने मागता?

माझ्या भाचीचं क्लॅरिनेट असंच आलं होतं. चकचकीत पुसलेलं, नव्या पेटीत. खालचे सूर कसेबसे निघायचे, पण मधल्या ए या सुरावरून पुढच्या बी वर जायचं म्हटलं की चिरका आवाज, नाहीतर नुसती हवा. सगळ्याच शिकणाऱ्यांचं तिथे अडतं, मान्य. पण त्या बी ला जवळजवळ सगळी छिद्रं झाकावी लागतात, त्यामुळे वाद्यात कुठेही गळती असेल तर ती तिथेच उघडी पडते. पोरीला हे कुठून कळणार? ती म्हणायची, ‘मावशी, माझ्या फुंकेतच दम नाही.’

मी वरचा जोड, म्हणजे वाद्याचा वरचा तुकडा, सुटा केला, छिद्रं बोटांनी झाकली, खालचं तोंड तळव्याने बंद केलं आणि वरून हवा ओढली. चांगल्या जोडात पोकळी टिकते, ओठ चिकटून बसतात. इथे सूं करून हवा आत. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी एकेका पॅडखाली धरून ओढून पाहिली. एक पॅड असा निघाला की पुढच्या कडेला कागद घट्ट धरायचा आणि मागच्या कडेने अलगद निसटून हातात यायचा. वरचं पातळ कातडं पिवळं पडून एका जागी फाटलेलं. केसाएवढी फट. तेवढ्यासाठी त्या लेकराने स्वतःला नालायक ठरवून टाकलं होतं!

आणि कृपा करून नावावर जाऊ नका. ‘बुफे आहे, बुफे!’ अहो, बुफे क्राँपाँ या फ्रेंच कंपनीचं आर-१३ हे १९५५ पासूनचं, व्यावसायिक वादकांचं लाकडी वाद्य. बी-१२ ही त्यांचंच, पण प्लास्टिकचं, नवशिक्यांसाठीचं. नाव एक म्हणून भावही एकच?

जुनं म्हणजे मौल्यवान, हे तर लोकांनी व्हायोलिनवाल्यांकडून उचललंय. क्लॅरिनेटच्या लाकडात रोज गरम, दमट फुंक जाते. ते फुगतं, आकसतं, तडकतं. तड बहुधा वरच्या जोडावर, ट्रिलच्या (दोन सूर झपाट्याने आलटून पालटून वाजवायच्या) चाव्यांच्या छिद्रांपाशी जाते. काळं पॉलिश फासलं की फोटोत काही दिसत नाही, तिरप्या उजेडात फिरवूनच पाहावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या काही वाद्यांवर एचपी असा शिक्का असतो. ती चढ्या पट्टीची, ए हा सूर ४४० ऐवजी ४५२ हर्ट्झच्या आसपास. आजच्या कुणाबरोबरही सुरात बसणार नाहीत. भिंतीवर टांगायला खुशाल घ्या.

बरं, नीट बुजवलेली तड वर्षानुवर्षं टिकते, आणि काही नवी स्वस्त वाद्यं जुन्याहून भिकार असतात, हेही खरंय. यामाहाचं प्लास्टिकचं शिकाऊ वाद्य कुणी नीट सांभाळलेलं असेल तर मीच म्हणेन, घ्या.

आणि सगळेच विकणारे लबाड नसतात, हेही लिहायला हवं. घरातलं कुणी जातं, माळ्यावर पेटी सापडते, त्यांना काय कळणार आत काय आहे? त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी एखाद्या वाजवणाऱ्याला बोलावून खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवून घ्यावेत आणि त्याचं रेकॉर्डिंग दाखवावं, बस्स.

पण भाचीला ज्याने विकलं तो स्वतः वाजवणारा होता हो! त्याला बी लागत नाही हे माहीत नव्हतं? वाद्य दुरुस्त होऊन आलं तेव्हा पहिल्याच फुंकेत बी लागला. माझ्या फुंकेत. तिने हातही लावला नाही. म्हणाली, ‘तूच ठेव, मावशी.’ आता ती काहीच वाजवत नाही.

कुणाला जुनं क्लॅरिनेट बघायला सोबत हवी असेल तर इनबॉक्स करा, मी येते. माझा माऊथपीस आणि रीड (त्यावर बसणारी, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) घेऊनच येईन, म्हणजे ‘तुमची रीडच खराब आहे’ हे ऐकून घ्यावं लागणार नाही. फक्त पैसे द्यायच्या आधी सांगा. दिल्यानंतर फोन केलात तर येईन, पण वाटभर बोलणी खाल.