हिरवं पाणी, मोरचूद आणि फिरणारा एक मेसेज

"बागेतल्या तळ्याचं पाणी हिरवं झालं? सगळं पाणी उपसून नवं भरा, चिमूटभर मोरचूद टाका, तुरटी फिरवा, गप्पी आणि जलपर्णी सोडा. शंभर टक्के नैसर्गिक, शेवाळ पुन्हा येणार नाही." हा मेसेज बागप्रेमींच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. तो वाचून कुणी तळ्यात मोरचूद टाकण्याआधी हे वाचावं.

आधी पाणी बदलण्याचं. शेवाळ वाढतं ते ऊन आणि पाण्यात विरघळलेलं नत्र-स्फुरद यांच्या जोरावर. बोअरच्या पाण्यात बरेचदा नायट्रेट असतंच, म्हणजे आपण शेवाळाला ताजं खाद्यच वाढतो. वर घाण पचवणारे जिवाणूही उपसून टाकतो आणि नळाच्या क्लोरीनचा त्रास माशांना होतो तो वेगळा. नवं तळं सुरुवातीचे काही आठवडे हिरवं होतंच. वनस्पती रुजल्या की बहुतेकदा ते आपोआप निवळतं. तोवर थांबायची तयारी हवी.

मोरचूद नैसर्गिक मुळीच नाही. द्राक्ष-सुपारीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलंच हे तांब्याचं क्षार. शेवाळ मरतं हे खरं, पण गोगलगायीही मरतात, आणि पाणी मृदू असेल तर थोड्या मात्रेनंही मासे दगावतात. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. पहाटे तो सर्वांत कमी असतो, तेव्हा वाचलेले मासेही वर येऊन धापा टाकतात. कुजलेल्या शेवाळातलं स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतं आणि नवं शेवाळ धरतं. तांबं मात्र गाळात राहतं.

तुरटीनं पाणी निवळतं, स्फुरदही काही प्रमाणात बांधलं जातं. पण पाण्याची आम्लता वाढते, आणि आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. मासे असलेल्या तळ्यात नकोच.

गप्पी डासांच्या अळ्या खातात, थोडं शेवाळही चघळतात. पण हिरवं पाणी गाळणारे डाफ्नियासारखे सूक्ष्म जीवही तेच फस्त करतात, आणि त्यांच्या विष्ठेतून खत मिळतं. माशांची संख्या कमी ठेवा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका. माझ्या मते निम्मं शेवाळ या एका सवयीनं आटोक्यात येतं. पडलेली पानं कुजण्याआधी जाळीनं काढा आणि तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून बाहेर ओढा.

राहिली जलपर्णी. ती खतं शोषते, सावलीही देते, पण तिची वाढ आवरत नाही. कोल्हापूरचा रंकाळा आणि पुण्याच्या नद्या तिनं कशा गिळल्या ते आपण पाहिलंय. त्यापेक्षा देशी कुमुद लावा, काठाला वेखंड आणि पाण्याखाली हायड्रिला. निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग पानांनी झाकला जाईल असं बघा. जलपर्णी आधीच असेल तर उपसून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. ओढ्यात किंवा नाल्यात तिचा एक तुकडाही जाऊ देऊ नका.