हळू लिहिलं की भारी होतं? कुणी सांगितलं!

फँटसी वाचणाऱ्यांत एक मत कायम फिरत असतं, की भराभर लिहिणारा लेखक ब्रँडन सँडरसन म्हणजे कारखाना आणि वर्षानुवर्षं घेणारा जॉर्ज मार्टिन म्हणजे कारागीर, चांगल्या पुस्तकाला दहा वर्षं लागणारच, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनला नाही का लागली, आणि जो भराभर लिहितो तो पाट्या टाकतो. एकेक बघूया.

आधी मार्टिनच घ्या. त्याच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६, दुसरं १९९८, तिसरं २०००. दर दोन वर्षांनी एक ठोकळा, आणि तिसरं सगळ्यात भारी म्हणणारे ढिगाने सापडतील, मी पण त्यातलाच. चौथ्याला पाच वर्षं, पाचव्याला सहा, आणि सहाव्याची २०११ पासून वाट बघतोय. हळू म्हणजे दर्जा असेल तर चौथं-पाचवं पहिल्या तिघांपेक्षा सरस व्हायला हवं होतं ना, झालंय का? नाही, कारण तो वेळ वाक्यं घासण्यात कमी आणि गुंता सोडवण्यात जास्त गेला. आधी प्लॅन होता की तिसऱ्यानंतर गोष्ट एकदम पाच वर्षं पुढे न्यायची, म्हणजे पोरं मोठी होतील. ते जमेना म्हणून सोडलं, मग पात्रं दोन पुस्तकांत वाटली, मग मीरीन शहरात कोण आधी पोचतो, कुणाला काय माहितीये यावर गाडी अडली. मार्टिन स्वतःच याला मीरीनची गाठ म्हणायचा, आणि ती सुटायला मदत झाली ती बॅरिस्टन सेल्मी या पात्राच्या नजरेतून प्रकरणं लिहिल्यावर.

टोल्कीनचं उदाहरण तर अर्धवटच सांगतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९३७च्या डिसेंबरात सुरू झालं, छापून आलं १९५४-५५ला, बरोबर. पण माणूस ऑक्सफर्डला प्रोफेसर, मध्ये महायुद्ध, आणि गोष्ट १९४९च्या सुमारास लिहून झालेली. पुढची बरीच वर्षं ‘सिल्मरिलियन’ हे आपलं दुसरं पुस्तक पण सोबतच छापा या हट्टात आणि प्रकाशकांच्या घोळात गेली.

आता सँडरसन. पहिलं पुस्तक ‘एलांट्रिस’ २००५ला आलं, पण ते विकलं जाईपर्यंत पठ्ठ्याने डझनभर कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या, हॉटेलात नाइट ड्युटी करत करत. ‘द वे ऑफ किंग्ज’ २०१०चं, पण त्याचा पहिला खर्डा २००२-०३चा, तो बाजूला ठेवून सगळं नव्याने लिहिलं. याला पाट्या टाकणं म्हणत असाल तर म्हणा बापडे. हां, २०२४चं ‘विंड अँड ट्रुथ’ वाचताना मलाही वाटलं की दोनेकशे पानं सहज उडवता आली असती. पण ते कात्री लावायचं काम आहे, अजून पाच वर्षं बसला असता तर पानं कमी नाही, वाढलीच असती.

फँटसी लेखक टेरी प्रॅचेटने १९९२ या एका वर्षात ‘स्मॉल गॉड्स’ आणि ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ या दोन्ही कादंबऱ्या दिल्या. दुसरीकडे सुझॅना क्लार्कने ‘जोनाथन स्ट्रेंज’ या कादंबरीला दहा वर्षं घेतली आणि त्यातल्या तळटीपासुद्धा चवीने वाचाव्यात अशा आहेत. म्हणजे रोजचे शब्द मोजून लेखक मोठा ठरवणारे फॅन पण तितकेच चुकतात.

शेवटचा डायलॉग असा, की वाट बघायची तयारी नसेल तर मालिका वाचू नका. हे मात्र डोक्यात जातं. पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेचं पहिलं पुस्तक २००७ला, दुसरं २०११ला, तिसऱ्याचा पत्ता नाही. लेखक कुणाचा नोकर नाही हे मान्य, पण शेवटच नाही तर त्या मालिकेला दर्जेदार कशाच्या जोरावर म्हणायचं? रॉबर्ट जॉर्डनने ‘व्हील ऑफ टाइम’ची पहिली सहा जाडजूड पुस्तकं १९९० ते ९४मध्ये काढली, तीच लोक आजही डोक्यावर घेतात, आणि दोन वर्षांहून जास्त घेऊन २००३ला आलेल्या दहाव्यात काहीच घडत नाही म्हणून बोंब असते. २००७ला तो गेला, आणि त्याच्या नोट्सवरून उरलेली तीन पुस्तकं २०१३पर्यंत हातात पडली ती सँडरसनचा हात भरभर चालतो म्हणूनच.