कोविडमध्ये 'नंतर या' म्हटलेले पेशंट

कोविडचा विषय निघाला की सगळ्यांना ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिर आठवतं. मी नांदेडला एन्डोस्कोपीत, म्हणजे दुर्बीण घालून पोटाच्या आतलं तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. आमच्या पेशंटचं काय झालं हे कुणी विचारतच नाही, म्हणून लिहितोय.

२०२० मध्ये पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं, रक्ताची उलटी, पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग, घशात अडकलेली वस्तू असं जिवावरचं असेल तरच दुर्बीण घाला, बाकी पुढे ढकला. ते योग्यच होतं. तोंडातून दुर्बीण जाताना पेशंट खोकतो, ओकाऱ्या काढतो, आणि आम्ही वीतभर अंतरावर. पीपीई किट तर तेव्हा कोविड वॉर्डालाच पुरत नव्हते.

पण पुढे ढकललेल्यांना परत बोलवायचं कुणी? पित्तनलिकेत पित्ताला वाट करून द्यायला घातलेला प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. नाहीतर तो तुंबतो, कावीळ परत येते, थंडी वाजून ताप भरतो, संसर्ग रक्तात जातो. फेब्रुवारीत स्टेंट घातलेल्याची तारीख ऐन लॉकडाऊनमध्ये आली. दुखायचं थांबलेलं, मग माणूस कशाला येतोय! आणि येणार कशाने? जिल्ह्याबाहेरची एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास सप्टेंबरात बंद झाला. आमचे कितीतरी पेशंट तर तेलंगणाच्या हद्दीतले.

लिव्हर सिरॉसिसवाल्यांचं, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालेल्यांचं, मला जास्त लागतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावतात, दर दोन-चार आठवड्यांनी, शिरा मिटेपर्यंत. मधली फेरी हुकली की रक्ताच्या उलटीची भीती. त्यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या शिरांतला दाब कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीवर सांभाळता आलं असतं. गोळी स्वस्त आहे, फक्त डोस ठरवायला नाडी आणि बीपी मोजत राहावं लागतं. सप्टेंबरपासून 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी'त आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्याच की! त्याच ऑक्सिमीटरवर नाडीचा आकडाही दिसतो. पण कुणाच्या घरी सिरॉसिसचा पेशंट आहे, याची यादीच त्यांच्या हातात नव्हती.

नव्या मशीनसाठी निधी येतो, फीत कापायला पुढारीही येतात. स्टेंटचं रजिस्टर ठेवून महिन्याला फोन करणारा माणूस मात्र मंजूर होत नाही. माझ्या मते पुढच्या साथीआधी तोच आधी हवा. रजिस्टरमध्ये शेजाऱ्याचाही नंबर घ्या, पेशंटचं सिम सारखं बदलतं.

आणि हो, तुमच्या घरात त्या काळात कुणाला काविळीसाठी 'नळी' टाकली असेल आणि ती काढल्याचं आठवत नसेल, तर जुनी फाईल शोधून डॉक्टरांना दाखवा. प्लॅस्टिकची नळी बहुतेकदा साध्या एक्स-रेतही दिसते. असे पेशंट आमच्याकडे अजून येतात.