केसावरून कर्करोग ओळखणारा संगणक

मावशींच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला संदेश असा: 'संगणकीकृत रेडिऑनिक्स' यंत्र एका केसावरून किंवा नुसत्या फोटोवरून सगळे आजार ओळखते, दुरूनच लहरी सोडून ते बरे करते, पद्धत शंभर वर्षांपासून सिद्ध आहे, अमेरिकेच्या एफडीएची (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) तिला मान्यता आहे आणि दुष्परिणाम शून्य. मावशींच्या नणंदेच्या स्तनात गाठ आहे आणि तिचा केस पाकिटात घालून तयार आहे, म्हणून हे उत्तर.

शरीरात वीज असते, एवढे खरे. ईसीजी त्यावरच चालतो. मात्र तो छातीला आणि हातापायांना लावलेल्या तारांतून येतो, उपटलेल्या केसातून नव्हे.

शंभर वर्षे झाली, हेही खरे. सिद्ध झाले, हे साफ खोटे. या पद्धतीचे जनक, सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट अब्राम्स यांनी रक्ताच्या थेंबावरून निदान करणारी पेटी काढली, तेव्हा 'सायंटिफिक अमेरिकन' या विज्ञान मासिकाने समिती नेमून तिची दीर्घकाळ तपासणी केली आणि १९२४ मध्ये हा बरे म्हटले तर भ्रम आणि वाईट म्हटले तर प्रचंड फसवणूक आहे, असा निष्कर्ष छापला. पुढे लॉस एंजेलिसच्या रूथ ड्राऊन यांनी हाच धंदा टिपकागदावरच्या रक्ताच्या डागावर चालवला. १९५० मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांना दहा रुग्णांचे नमुने दिले गेले. पहिल्या रुग्णाला त्यांनी डाव्या स्तनाचा, इतर अवयवांत पसरलेला कर्करोग सांगितला. प्रत्यक्षात त्या व्यक्तीला उजव्या फुप्फुसाचा क्षय होता. तीन नमुन्यांतच इतकी फजिती झाली की उरलेल्यांना त्यांनी हात लावला नाही. आज त्या पेटीच्या जागी लॅपटॉप आला, तरी केसात नसलेली माहिती पडद्यावर कुठून येणार?

एफडीएबद्दल थोडक्यात: विल्यम नेल्सन यांच्या ईपीएफएक्स या अशाच संगणकी यंत्राची नोंदणी तणावासाठीचे बायोफीडबॅक (शरीराचे संकेत पाहून स्वतःला शांत करायला शिकण्याचे) साधन म्हणून होती, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. अमेरिकेत फसवणुकीचे आरोपपत्र दाखल झाल्यावर नेल्सन हंगेरीत गेले आणि पुढे एफडीएने त्या यंत्राची आयातच रोखली.

राहिले 'शून्य दुष्परिणाम'. ड्राऊन यांच्या पेटीवर विसंबलेल्या, स्तनात गाठ असलेल्या एका स्त्रीने अखेर शल्यविशारद गाठला, तेव्हा कर्करोग पसरला होता. या प्रकरणावरून ड्राऊन यांच्यावर खटला झाला आणि १९५१ मध्ये त्या दोषी ठरल्या. शिक्षा झाली ती एक हजार डॉलर दंडाची.