दोनशे रुपयांची पावती आणि शाळेसमोरची टपरी

31 मे आला की तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. शपथ, पोस्टर, फोटो. आपल्याकडं तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते, म्हणजे ज्या पोरांसाठी हे सगळं करायचं ती पोरं मामाच्या गावाला. असो.

मुद्दा पैशाचा आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम 2007-08 पासून सुरू आहे, त्यातून जिल्ह्यांना निधी मिळतो. प्रशिक्षण, जनजागृती, शाळांतले कार्यक्रम, सोडू पाहणाऱ्यांना समुपदेशन, सगळं त्यात आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. पण विकणाऱ्याचं काय? सांगली-मिरज रस्त्यावर कुठल्याही कॉलेजबाहेर दहा मिनिटं उभं राहून बघा. दप्तर पाठीवर, हातात माव्याची पुडी. टपरीवाला वय विचारत नाही, कारण विचारायची गरजच पडलेली नाही.

कायदा नाही असं नाही. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या केंद्रीय कायद्यातलं कलम 6 सांगतं की अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, कुणालाच विकायची नाही. गिऱ्हाईक सज्ञान आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही नियमांनी विक्रेत्यावरच टाकलीय. दंड? जास्तीत जास्त 200 रुपये. दुपारची शाळा सुटायच्या आत वसूल.

दुसऱ्या टोकाला 2015 चा बाल न्याय कायदा. त्याच्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आता एका पुडीसाठी टपरीवाल्याला सात वर्षं आत टाकायला कुणाचा हात धजावणार? म्हणून मग दोनशेची पावती फाटते, तीही बहुतेक वेळा स्टँडवर बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या नावानं. ते सोपं असतं.

कॅलिफोर्नियात 2016 साली लोकांनी मतदान करून सिगारेटच्या पाकिटावर दोन डॉलर कर वाढवला. त्यातला ठरावीक वाटा राज्याच्या न्याय खात्याकडं जातो आणि तिथून स्थानिक पोलिसांना अनुदान मिळतं, अल्पवयीनांना होणारी विक्री रोखण्यासाठी. पोलिसांच्या देखरेखीखाली कमी वयाचं पोरगं दुकानात पाठवायचं, विकलं की कारवाई. त्याच्याही आधी, 1992 मध्ये, त्यांच्या केंद्रानं राज्यांना दम भरला होता: अचानक तपासण्या करा, आणि वीस टक्क्यांहून जास्त दुकानं पोरांना विकताना सापडली तर व्यसनमुक्तीच्या अनुदानाला कात्री. म्हणजे पावत्या किती फाडल्या ते मोजत नाहीत, पोराला माल मिळतो का ते मोजतात. तिथंही नंतर ई-सिगारेटनं शाळा पोखरल्याच, तेव्हा स्वर्ग वगैरे समजू नका. पण मोजायची पद्धत उचलण्यासारखी आहे.

आपल्याकडं खऱ्या अल्पवयीन पोराला पाठवणं मला पटत नाही. नुकतंच अठरा पूर्ण झालेलं, मिसरूड न फुटलेलं पोरगं पाठवा. आधार कार्ड मागितलं का, एवढंच लिहून आणा. जिल्ह्याच्या निधीतला एक हिस्सा फक्त याला बांधून ठेवा, आणि पुढच्या वर्षीचा पैसा या आकड्यावर ठरवा.

“गरिबाच्या पोटावर पाय” असं कुणीतरी म्हणणारच. टपरी बंद करा असं मी म्हणत नाही. तंबाखू विक्रीला वेगळा परवाना ठेवा, असं केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना सुचवलंय. परवाना असला की दोनशे रुपये आणि सात वर्षं यांच्या मधली शिक्षा हाताशी येते: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पंधरा दिवस तंबाखू बंद. चहा, बिस्किट, रिचार्ज चालू राहू दे की. आणि त्याला माल पुरवणारा घाऊक व्यापारी गरीब नाही, त्याच्या गोदामाकडंही याच पैशातून बघता येईल.

माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाकतोय: सांगली जिल्ह्यात गेल्या वर्षी कोटपाच्या कलम 4 खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्यांवर, किती पावत्या फाडल्या आणि कलम 6 खाली किती? साताऱ्यातल्या कुणी तिकडं हाच अर्ज टाकला तर आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतील. मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये या.