सही आधी सावलीत ठेवा

भाऊ, सह्या असलेल्या जुन्या फुटबॉल जर्सी विकून दिव्यांगांच्या संस्थेला पैसे देणार, हे वाचून लय बरं वाटलं. पण घाई करू नका. 1986 च्या वर्ल्डकपात इंग्लंडला दोन गोल मारताना मॅराडोनानं घातलेली जर्सी 2022 मध्ये लिलावात 71 लाख पौंडांवर गेली. मॅच संपल्यावर ती इंग्लंडचा खेळाडू स्टीव्ह हॉजनं अदलाबदलीत घेतली होती, म्हणजे कोणाकडून कोणाकडे आली ते पक्कं होतं. नुसत्या सहीला कोण विचारतं? सही घेतानाचा फोटो, एखादं पत्र, जे असेल ते जोडा. अन् जर्सी उन्हात टांगू नका. आमच्या वरोऱ्याकडं पोराच्या बॉलवरची सही दोन उन्हाळ्यांत पिवळट डाग होऊन बसली.

अजून एक. सगळे पैसे साहित्यवाटपात घालू नका, असं संस्थेला म्हणा. माझ्या भावाला शिबिरात तीनचाकी मिळाली, हार झाले, फोटो झाले. पहिल्याच पावसात काळ्या मातीत चाक रुतलं, मग बेअरिंग गेलं, अन् तालुक्यात पार्ट मिळेना. आता तिच्यावर कोंबड्या बसतात. दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडे बाजूला ठेवता येतील का, तेवढं विचारा.